तळणाच्या तेलावरचं इंजन

लातुरात मी शिकवणीच्या पोरांसाठी खानावळ चालवते. भजी तळून काळवंडलेलं तेल पुन्हा कढईत घालायचं नाही, हा माझा पहिल्यापासूनचा नियम. त्यामुळे डबे साचत गेले. बी.एस्सी.ला रसायनशास्त्र होतं. या तेलाचं बायोडिझेल करायचं मी ठरवलं. लोहा गावाजवळ धाकट्या भावाचं शेत आहे. तिथं विहिरीवर डिझेल इंजन होतं.

"आक्का, इंजन बसलं तर हरभऱ्याला काय घागरीनं पाणी घालू?" भाऊ म्हणाला.

"बसणार नाही. बसलं तर दुरुस्ती माझ्याकडं."

पहिल्या खेपेचा निव्वळ साबण झाला. तेलात पाणी राहिलं होतं. भाऊ पोट धरून हसला. पुढच्या खेपेला मी तेल गाळलं, पाणी उडेपर्यंत तापवलं आणि निवू दिलं. मग शेतातल्या उघड्या पत्र्याखाली, हातमोजे घालून, मेथॅनॉल आणि कॉस्टिक सोडा काढून बसले. तेवढ्यात भाऊ बिडी ओढत आला.

"लांब हो! बिडी विझव आधी!"

"हितं कुठं आग हाय? लई भेतीस तू."

मी त्याला दूर बांधावर नेलं. वाटीत झाकणभर मेथॅनॉल घेतलं, बाटली लांब ठेवली आणि काडी लावली. भर उन्हात काहीच दिसेना.

"विझलं की," तो म्हणाला.

मी वाटीवर तुरीची वाळकी तुराटी धरली. ती भुर्रकन पेटली. भाऊ दोन पावलं मागं सरला. त्या दिवसापासून बिडीचं बंडल घरीच राहू लागलं.

मेथॅनॉलमध्ये सोडा विरघळवून तेलात ढवळला आणि रात्रभर ठेवलं. तळाशी काळं ग्लिसरीन बसलं, वर मधाच्या रंगाचं तेल आलं, तेच बायोडिझेल. ते धुऊन, सुकवून घेतलं. भावानं स्वतःच त्यात जळती काडी टाकली. ती चर्रकन विझली, मेथॅनॉलसारखा भडका नाही. तेव्हा कुठं तो टाकीचं झाकण उघडायला तयार झाला.

निम्मं डिझेल, निम्मं आमचं. इंजन पहिल्याच हँडलला सुरू झालं. धूर कमी, आणि शिवारभर भज्यांचा वास! पुढं रबरी नळी फुगून गळायला लागली. बायोडिझेलनं रबर फुगतं, याचा मला अंदाज होता. दुसऱ्या जातीची नळी बसवली, फिल्टर बदलला.

"डिझेलपरीस जरा जास्तच पितंय हे," भाऊ म्हणाला.

"हाव, पितंय," मी मान्य केलं.

थंडीत ते घट्ट होतं, म्हणून तेव्हा डिझेल वाढवतो. हरभरा मात्र सगळा भिजला. आता शेजारच्या खानावळीचं तेलही माझ्याकडं येतं, आणि भावाचा फोन येतो, "आक्का, टाकी खाली झाली, कवा येतीस?"