हळदीच्या दिवशीचा रस्सा

आमच्या घरात गोष्टी रंगवून सांगायचं खातं माझ्याकडे आहे. दुसरं कुठलंच काम मला धड जमत नाही, हे सासरी पहिल्याच आठवड्यात सिद्ध झालं होतं. मुलांना मी एका राणीची गोष्ट सांगते. राजानं दुसरी आणली, पहिली नेसत्या लुगड्यानिशी बाहेर पडली, गावानं तिला हिणवलं आणि शेवटी त्याच गावानं तिला पालखीतून मिरवलं. राणी म्हणजे माझी आत्या. पालखी मी पदरची घातली आहे.

आत्या माहेरी परतली तेव्हा मी शाळेत होते. त्या संक्रांतीला गल्लीतल्या हळदीकुंकवाला ती मला घेऊन गेली. कुंकवाचा करंडा फिरत फिरत आला आणि तिला ओलांडून शेजारणीकडे गेला.

"मी हाय की हितं. नवरा जिता हाय माझा," आत्या म्हणाली.

"जिता हाय गं, पर तुझा कुठं हाय?" यजमानीण मोठ्यानं म्हणाली. बायका फिदीफिदी हसल्या.

पुढं आत्यानं चटणीचं काम धरलं. मसाला भाजायचा, गिरणीतल्या डंकावर मिरची कुटून आणायची. पार उचगावपासून बायका येऊ लागल्या. ती यजमानीणही आली. "अक्का, तुमच्या हाताला चव हाय बघा!" आत्याच्या हातचं कुंकू चालत नव्हतं, चटणी मात्र वर्षभर चालायची. आत्या आता उंबऱ्यातच बसून खणखणीत बोलायची. भाव ती सांगेल तो.

मला तिनंच वाढवलं. "तुझी पैली हळद मी लावणार," हे ती मी परकरात असल्यापासून म्हणायची.

माझ्या लग्नात हळदीच्या दिवशी जेवणाचा रस्सा अर्थातच तिच्याकडे होता. पाच सवाष्णींना हाका गेल्या. पहिला मान त्याच यजमानिणीचा. आत्या हिरवं लुगडं नेसून, हात धुऊन मांडवात आली. आई पुढं झाली.

"वन्सं, तुमी जरा रश्श्याकडं बघा. लोक नावं ठेवत्यात."

आत्या खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. "रस्सा तुमी बघा, वैनी. मी आज पावणी हाय."

पाचही जणींची हळद होईपर्यंत ती हलली नाही. चुलीकडे कुणी गेलंच नाही. रस्सा बुडाला लागला. सगळ्या गल्लीनं तो करपट रस्सा ओरपला आणि सासरची माणसं मला आजही त्यावरून टोमणे मारतात. माझा स्वयंपाक मुळातच तसा आहे, हे बिचाऱ्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

परवा माहेरी गोष्ट संपता संपता माझ्या धाकट्यानं विचारलं, "मग राणीला हळद लावू दिली?"

"दिली तर!" मी म्हटलं.

आत्या कोपऱ्यात लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "न्हाय दिली. पोरास्नी खोटं सांगू नगंस. रस्सा करपला, तेवढं सांग."