सर्वरचे लोग

"सर्वर डाऊन आहे, बसा," असं मला आता कोणी म्हटलं तर मी त्याच्या थोबाडीत देईन. आधीच सांगून ठेवतो.

बायको गेली तेव्हा आम्ही असेच बसलो होतो. तलासरीच्या वरच्या अंगाला आमचा पाडा, तिथून जीपमध्ये घालून तिला दवाखान्यात आणली. कुठल्या दवाखान्यात ते लिहीत नाही. खिडकी सगळीकडे तीच. डॉक्टर म्हणाला, मोठ्या ठिकाणी न्या, खिडकीतून कागद घ्या. खिडकीतला म्हणाला, "नाव कॉम्प्युटरला चढल्याशिवाय कागद निघत नाही. सर्वर डाऊन आहे, बसा." ती बाकावर आडवी, डोकं माझ्या मांडीवर. उठून भांडावं तर डोकं ठेवू कुठे? बसा म्हटलं, बसलो. कागद निघाला तेव्हा न्यायला काही उरलं नव्हतं.

मग लेकीने मला मसोलीला तिच्या भाड्याच्या खोलीवर आणलं. पाड्यावर नेटवर्क येत नाही म्हणून ती मसोलीतच राहते, घरात बसूनच कंपनीचं काम करते. समोर काळा पडदा आणि त्यावर पांढऱ्या ओळी वर वर सरकतायत. मी किती दिवस नुसता बघत होतो. शेवटी विचारलं.

"काय गं बघतेस?"

"लॉग बघते, बाबा. सर्वरचे."

मला ऐकू आलं, लोग. आमच्याकडे निम्मा बाजार हिंदी-गुजरातीत चालतो. "कुठले लोग? मला तर एक माणूस दिसत नाही."

ती हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदा. "लोग नाही हो, लॉग. सर्वरकडे कोणी काही मागितलं की इथे एक ओळ पडते. किती वाजता मागितलं, काय मागितलं, मिळालं की नाही."

"मागतं कोण?"

"माणसंच मागतात. आमच्या सर्वरवर शहरातल्या दवाखान्यांचे रक्ताचे रिपोर्ट असतात."

"मग लोगच ना!"

"बरं, लोग."

पण सर्वर म्हटल्यावर माझं डोकं फिरलंच होतं. "म्हणजे तो पाडणारी तूच?"

"पाडत नाही. पडला तर उचलते."

मग तिने दाखवलं. टेल असं काहीतरी टाइप करते, की ओळी चालू होतात. टेल म्हणजे शेपूट. फाइल अजगरासारखी लांब, ती सगळी कोण बघणार? नवीन ओळ शेपटाला लागते, म्हणून शेपूट धरून बसायचं. मी म्हटलं, अजगराचं शेपूट धरायला तुला शाळेत घातली होती काय?

मग मला राहवलं नाही. "तुझी आई बाकावर होती, तेव्हा तिची ओळ पडली असेल ना कुठे?"

"तो सर्वर दुसऱ्यांचा, बाबा. आणि सर्वरच बंद असेल तर मागणं पोचत नाही. ओळ पडत नाही."

"म्हणजे आम्ही मागितलंच नाही?"

त्या दिवशी मी जेवलो नाही.

पुढे एकदा दुपारी खाली नळाला पाणी आलं. ती हंडा उचलून म्हणाली, "जरा इथे बसा. ओळी थांबल्या तर हाक मारा." इंग्रजी मला येत नाही, पण एस.टी.च्या पाटीमुळे आकडे येतात. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला वेळ असते. मी बसलो, शेतात नागलीची कणसं भरल्यावर पाखरं हाकायला माळ्यावर बसायचो तसा.

आणि ओळी थांबल्या. कोपऱ्यातलं घड्याळ पुढे चाललंय, शेवटच्या ओळीतली वेळ तिथेच.

हाक तोंडाशी आली आणि मी ती गिळली. म्हटलं, बसू देत. शहरातले लोग आहेत ना, बसू देत जरा बाकावर. आम्ही बसलो नाही?

पण बाक म्हटल्यावर बाकच दिसायला लागला. तिथेही कोणाचं तरी डोकं कोणाच्या तरी मांडीवर असणार. त्या मांडीवाल्याला उठता येत नसणार. मी खिडकीत जाऊन ओरडलो, बायको माळ्यावरून पाखरांवर ओरडायची तसाच, हाऽऽ हूऽऽ करून. नळावरच्या बाया दचकल्या. एक म्हणाली, "आजोबा, साप निघाला काय?" लेक हंडा तिथेच टाकून वर धावली.

तिने काहीबाही टाइप केलं, फोनवर कोणाला तरी झापलं. चुलीवर आधण यायच्या आत ओळी पुन्हा सुरू झाल्या. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी जीपचं दार उघडावं तसे सगळे लोग एकदम आत घुसले.

"बरं झालं हाक मारलीत, बाबा."

मी तिच्यावरच खेकसलो. "इतकंच काम होतं? इतकंच? मग तिकडे आमच्या वेळेला शेपटाला कोण बसला होता? त्याची एकदा माझ्याशी गाठ घालून दे."

ती ओल्या हातांनी तशीच उभी. "कोणीच बसलं नसेल, बाबा."

कोणी झोपलेला असता तर त्याला शिव्या घातल्या असत्या. रिकाम्या खुर्चीला काय शिव्या घालायच्या?

दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं, तेव्हा तिने सांगायच्या आधीच मी खुर्चीत जाऊन बसलो.