न मोजलेली कोकरं

आमच्यात कोकरू मोजत नाहीत. पहिली लोकर उतरेपर्यंत ते कळपात धरायचंच नाही, नाहीतर नजर लागते. आम्ही आटपाडीकडची मेंढपाळ माणसं बाकी कशाला भीत नाही, पण या एका बाबतीत आबांपुढे, म्हणजे माझ्या वडिलांपुढे, तोंड उघडायची सोय नव्हती.

मी पुण्यात दीर्घिकांवर काम करते. दिवसभर संगणकापुढे बसून दूरच्या दीर्घिकांचे रंग तपासते. निळी असेल तर तिच्यात नवे तारे जन्मताहेत. लाल असेल तर जन्म थांबलेत, जुन्यांवर चाललंय. मोकळ्या जागेतली एकटी दीर्घिका बहुधा निळी असते. ती दाटीत शिरली, शेकडो दीर्घिकांच्या समूहात ओढली गेली, की तिथला तापलेला वायू तिच्यातला थंड वायू हिसकावून घेतो. तारे घडतात ते या थंड वायूतूनच. गंमत अशी, की ती लगेच विझत नाही. कितीतरी काळ झगझगत राहते, वजनही फारसं घटत नाही. बघणाऱ्याला वाटतं, बाईचं बरं चाललंय.

आबा दरवर्षी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन फलटणकडे उतरायचे, उसाच्या रानात खतासाठी कळप बसवायचे आणि पावसाच्या तोंडावर माघारी माळावर यायचे. गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला आणि त्यांनी ठरवलं, आता परतायचं नाही. एका बागायतदारानं कालव्याकडेची पडीक जागा दिली.

"आवं आबा, हितल्या चिखलात मेंढरू टिकायचं न्हाई. माळाला चला. टेम्पो सांगते मी."

"हितं हिरवा चारा हाय, पानी हाय. माळाला काय हाय गं? कुसळं?" आणि मग मला चिडवत, "तू तुजी आभाळातली मेंढरं राख, जा."

मी हसले, पण धास्ती लागली ती तेव्हापासून. फोन केला की आबा एकच सांगायचे, "कळप भरलेला हाय. एकबी कमी न्हाई." पावसाळाभर तेच. खोटं बोलणारा माणूस नव्हे तो. उगाच आभाळातलं जमिनीवर आणू नकोस, असं मीच स्वतःला दटावलं. तरी दाटीत शिरलेली, मागे वायूची शेपूट सुटलेली एखादी दीर्घिका पडद्यावर दिसली की मी आबांना फोन लावायचे.

पाऊस उघडल्यावर मी फलटणला गेले. चारी बाजूंनी ऊस डोक्याच्या वर वाढलेला, वारं म्हणून लागत नव्हतं. मेंढ्या मात्र गुबगुबीत. आबा खूश होते. काठी टेकत त्यांनी मला कळपाभोवती फिरवलं, आणि मला खरंच हायसं वाटलं.

दिवस कलला. मेंढ्या चरून परतल्या आणि मी जागीच थांबले. आमच्या माळावर या वेळी शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. दिवसभर वाघरीत, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात, कोंडलेली कोकरं आयांना हाका मारतात, आया कोकरांना, नुसता गलका. इथं मेंढ्या आल्या, गुमान बसल्या आणि रवंथ करू लागल्या. मला भीती वाटली.

"आबा, कोकरं किती हायती?" जन्मात पहिल्यांदा मी विचारलं.

ते भडकले. "कोकरं मोजत्यात व्हय?" मग आवाज उतरला. "लय मेंढ्या दिस भरायच्या आदीच गाभडल्या. जी झाली ती ओलीत खोकून गेली. पुढल्या वेताला हुत्याल की."

"चला माळाला, आबा. अजून येळ हाय."

"कळप भरलेला हाय," ते म्हणाले आणि गुडघ्यावर हात दाबून उठले. झोपडीमागून वाघर आणली, उलगडली, चारी खुंट्यांना नीट ताणून बांधली. खाली कोरडं गवत पसरलं. मग आत कुणीच नसताना, रोजच्यासारखं, तिचं तोंड बांधून घेतलं.