विधानसभेच्या प्रचारात काशिनाथ दळवी

माझी लष्करातली शेवटून दुसरी पोस्टिंग उत्तरेकडे, बर्फातल्या एका पोस्टवर होती. मी हवालदार, सेक्शन कमांडर. माझ्या हाताखाली नाईक काशिनाथ दळवी. मी चौलचा, तो पालीजवळच्या एका गावचा. एका जिल्ह्याचे म्हणून पोस्टवर आम्हाला 'रायगडवाले' म्हणत.

रोजचं काम ठरलेलं. पाचला उठायचं, साचलेला बर्फ फावड्याने काढायचा, सातला वायरलेस चेक, मग पेट्रोलिंग.

त्या दिवशी नऊ दहाला आम्ही सात जण निघालो. एक वायरलेस सेट माझ्याकडे, दुसरा काशिनाथकडे. अकरा पंचवीसला उतारावरून बर्फ सुटला. काही सेकंदांत सगळं शांत झालं. माणसं मोजली. माझ्यासकट सहा. काशिनाथ नव्हता.

मग माझ्या इअरपीसमध्ये त्याचा आवाज आला.

"उस्ताद, जिवंत आहे. हलता येत नाही."

तो नेमका कुठे गाडला गेलाय ते कळत नव्हतं. आम्ही अंदाजाने खणायला लागलो. अकरा पंचेचाळीसला वरच्या कड्यावर नवी भेग दिसली. मी कंपनीला कळवलं. कंपनी कमांडरांचा हुकूम आला.

"आदमी लेकर नीचे आओ. अभी. ओव्हर."

मी खणत राहिलो. दोन्ही सेट एकाच फ्रिक्वेन्सीवर होते, त्यामुळे हुकूम काशिनाथनेही ऐकला.

"उस्ताद, पोरांना उतरवा," तो म्हणाला. "ओव्हर."

मी उतरवलं. अकरा त्रेपन्नला दुसरा बर्फ आला, आम्ही खणत होतो बरोबर तिथेच. काशिनाथ चौथ्या दिवशी मिळाला.

शवपेटीबरोबर मीच त्याच्या गावी गेलो. त्याच्या पत्नीला, सुनंदावहिनींना, मी सांगितलं की तो जागीच गेला, त्याला त्रास झाला नाही. ते खोटं होतं.

पेन्शनवर आल्यावर गावाने मला सरपंच केलं. दोन खेपा राहिलो. नळाचं पाणी वरच्या आळीपर्यंत नेलं, खारं पाणी शेतात घुसत होतं तो बांध दुरुस्त करून घेतला. लोक म्हणाले, आता विधानसभेला उभे राहा. मी अपक्ष म्हणून फॉर्म भरला.

प्रचाराच्या दुसऱ्या आठवड्यात विरोधातल्या एका वक्त्याने भर सभेत सांगितलं की हा फौजी जोडीदाराला बर्फात जिवंत सोडून पळाला. कुठून कळलं, माहीत नाही. त्याचा व्हिडिओ फोनाफोनी फिरला. माझे कार्यकर्ते म्हणाले, त्या वहिनींना स्टेजवर आणा, एका वाक्यात विषय संपेल. मी नाही म्हणालो. वहिनींना मुळात खरं माहीत नव्हतं, आणि ते त्यांनी व्हिडिओवरून ऐकावं हे मला सहन होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारसायकल काढली. साडेनऊला त्यांच्या दारात होतो. त्या अंगणात तांदूळ पाखडत होत्या. तो जिवंत होता, हुकूम आला, आम्ही उतरलो, हे मी उभ्यानेच सांगितलं, वेळांसकट. त्यांचा हात थांबला नाही.

"मला ठाव हाय, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुमच्यातला एक जवान वर्षश्राद्धाला आलेला. त्यानं सांगितलं."

म्हणजे इतकी वर्षं त्यांना माहीत होतं. मी विचारलं, मग मला कधी सांगितलं का नाहीत? त्या म्हणाल्या, तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात, ते मोडावंसं वाटलं न्हाय.

मग त्यांनी सूप खाली ठेवलं.

"त्या पोराला एकच ठाव नव्हतं. शेवटचं काय बोललं हे?"

इअरपीस माझ्या एकट्याच्या कानात होता. मी काशिनाथचे शब्द सांगितले. त्यांनी पुन्हा सांगायला लावले. पुन्हा सांगितले. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि चहा टाकायला आत गेल्या. मी पायरीवर बसलो. छाती मोकळी झाली होती.

निघताना त्या म्हणाल्या, "सभेत सांगा सगळं. लपवायसारखं काय हाय त्यात?"

संध्याकाळी चौलच्या सभेत मी नऊ मिनिटं बोललो. आश्वासन एकही दिलं नाही. निघालो किती वाजता, हुकूम काय आला, मी काय केलं, एवढंच सांगितलं. समोर कोणी टाळी वाजवली नाही. सभा संपल्यावर एक म्हातारे गृहस्थ जवळ आले, त्यांनी माझा हात दोन्ही हातांनी दाबला आणि ते निघून गेले.

निवडणूक मी हरलो. तिसरा आलो. निकालाच्या दिवशी घरी येऊन जेवलो आणि दुपारी गाढ झोपलो. बायको म्हणाली, तुम्ही असे बऱ्याच वर्षांत झोपला नव्हतात.

त्या दिवशी खाली उतरलेले आम्ही सहाही जण आज हयात आहोत. पाच जण आपापल्या गावी आहेत, एकाची मुलगी यंदा नर्स झाली.

नाईक काशिनाथ दळवी एकोणतीस वर्षांचा होता. कमी बोलायचा. ताज्या बर्फात वाट पाडायचं काम सगळ्यात दमवणारं, म्हणून ते आळीपाळीने करतात. काशिनाथ आपली पाळी संपली तरी मागे यायचा नाही. त्या दिवशीही पुढे तोच होता.