‘या’ म्हणायचं कुणी?

पाहुणी गाडीतून उतरली आणि गायरानाच्या कडेलाच थांबली. समोर बाभळीखाली सतरंजी अंथरलेली होती, मेंढपाळांच्या संस्थेची माणसं वाट बघत होती. ती मला हळूच म्हणाली, “इथल्या माणसांनी बोलावल्याशिवाय मी आत जाणार नाही. त्यांना सांगाल?”

मी दुभाषी. जालन्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले आणि संस्थांसाठी हे काम करू लागले. आमचा एक साधा नियम असतो. बोलणारा जे बोलेल ते त्याच्याच तोंडचं असल्यासारखं सांगायचं. तो ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’ म्हणायचं. आपलं मत मधे आणायचं नाही. त्या वर्षी माझे यजमान गेले होते. मला स्वतःचं असं बोलण्यासारखं फार काही उरलं नव्हतं, त्यामुळे हा नियम सोयीचा वाटे.

पाहुणीचं नाव लेआ. प्रशांत महासागरातल्या एका लहान बेटावरची. तिथली किनाऱ्याची जमीन हॉटेलला द्यायचं ठरलं, तेव्हा बेटाच्या मूळ रहिवाशांनी संघटना उभी केली. ती त्या संघटनेत काम करते, आणि जमिनीसाठी झगडणाऱ्यांना भेटायला आमच्याकडे आली होती. ‘आधी विचारा’ ही त्यांची मुख्य मागणी. बाहेरच्यानं कडेला थांबायचं, आपण कोण ते सांगायचं, बोलावणं आलं तरच आत यायचं. दुसऱ्यांकडून जे मागतो ते आपण पाळायला हवं, म्हणून ती थांबली होती.

आमच्याकडचं प्रकरणही जमिनीचंच. गायरान म्हणजे गावाची चराईची जमीन. कागदावर ती सरकारची. तिचा मोठा तुकडा एका गोदामाला द्यायचं चाललं होतं. त्यासाठी ग्रामसभेची ना-हरकत लागणार होती, म्हणजे गावाची काही तक्रार नाही असा ठराव. या तुकड्यावर मेंढपाळांच्या कित्येक पिढ्यांनी मेंढ्या चारल्या. तो गेला तर वर्षभर वणवण करायची, नाहीतर मेंढ्या विकायच्या.

लेआचं म्हणणं मी मराठीत सांगितलं. सरपंच हसत पुढे आले. “या म्हणा की त्यांना. आपलंच गाव हाय.”

नियमाप्रमाणे मी नुसतं ‘या’ एवढंच सांगायचं. पण बोलावणं नेमकं कुणाचं, हेच तर ती विचारत होती. मी म्हणाले, “सरपंच ‘या’ म्हणताहेत.”

तिनं विचारलं, “त्यांच्या मेंढ्या इथं चरतात?”

तेही मी जसंच्या तसं सांगितलं. सरपंचांचं हसू कमी झालं. दौरा ठरवणाऱ्या संस्थेचा कोऑर्डिनेटर निखिल माझ्या कानाशी आला. त्याला दुपारी नवीन जालन्यात दुसरी मीटिंग होती. “मॅडम, यस म्हणून टाका ना. फोटो काढू, निघू.” बोलणारा बोलेल तेवढंच मी सांगते, असं मी त्याला म्हणाले.

आता सगळे मेंढपाळांच्या संस्थेच्या अध्यक्षांकडे, मारोतीबप्पांकडे बघू लागले. बप्पांनी मला बाजूला घेतलं. तलाठी आलेले होते, त्यांच्याकडे नजर टाकून म्हणाले, “ताई, आमच्या जमिनीत या म्हणलो, की हे अतिक्रमण लिहून मोकळे. अन आमची न्हाई म्हणलो, तर मंग आमचं हाय काय इथं?”

हे पाहुणीला सांगू नका, असंही म्हणाले. मी सांगितलं नाही. ते विचार करताहेत, एवढंच म्हटलं. ऊन चढत होतं. लेआ उभीच होती. तिला कसलीही घाई दिसत नव्हती.

मग बप्पांची थोरली बहीण साळूबाई उठली. “एवढा काय विचार करून राह्यलास रे?” ती भावाला म्हणाली. “दुसऱ्याचा कळप आला की काय करतो आपण?”

तांब्या भरून ती कडेपर्यंत चालत गेली. त्यांच्यातली रीत मला नंतर कळली. बाहेरचा मेंढपाळ आला की हद्दीवर काठी टेकून थांबतो. इथलं कुणीतरी पाणी घेऊन जातं, कळप कुठे बसवायचा ते सांगतं. पाणी आलं नाही, तर तो मुकाट्यानं मेंढ्या वळवतो. जमिनीचा मालक कोण, हा प्रश्न त्यात निघतच नाही.

“पाणी प्या, माय. कोण्या रानातून आल्या?”

लेआनं बेटाचं नाव सांगितलं, आईचं गाव सांगितलं, आणि पाणी प्यायली. साळूबाईनं हात केला. “या. बाभळीच्या अंगानं या, पलीकडं कोकरं बसल्यात.”

ही कुठली नवी पद्धत, असं तलाठ्यांनी विचारलं.

“नवी न्हाई साहेब,” बप्पा म्हणाले. “तुम्ही कडेला कधी थांबलाच न्हाईत. मंग पाणी कोण आणणार?”

सगळे हसले. तलाठीही थोडे हसले, आणि त्यांनी अतिक्रमण वगैरे काही लिहून घेतलं नाही.

पुढच्या ग्रामसभेत बप्पांनी एवढंच मांडलं: आम्ही मालकी मागत नाही, विचारण्याची रीत मागतो. वादावादी बरीच झाली. शेवटी ठराव झाला की, चराई करणाऱ्यांना जागेवर जाऊन विचारल्याशिवाय ना-हरकत द्यायची नाही. गोदामाचा अर्ज अजून वरच्या ऑफिसात आहे, मागे घेतलेला नाही. गोदामवाल्यांची माणसं नंतर दोनदा येऊन गेली, कडेला थांबलीसुद्धा. साळूबाई उठली नाही. त्यांच्या गाडीत पाण्याच्या बाटल्या असतात, असं तिचं म्हणणं.

निखिलनं पुढच्या दौऱ्याला दुसरी दुभाषी घेतली. मी माझ्या नियमात एक भर घातली आहे. काय बोललं ते सांगण्याआधी, कोण बोललं ते सांगावं. यात वेळ जास्त जातो.