कंबरेपर्यंतचा चॉकलेटी

सणसरला माझ्या माहेरच्या घरात प्रत्येक खोलीला दोन रंग. कंबरेपर्यंत गडद चॉकलेटी ऑइलपेंट, वर फिकट पिवळा. टेकून बसणाऱ्यांच्या डोक्याचं तेल, पोरांचे हात, सगळं त्या चॉकलेटीत खपून जायचं. मला तो मेला रंग कधीच आवडला नाही. बारामतीला सासरी आल्यावर मी माझं घर पांढरंशुभ्र करून घेतलं.

साखरेनं आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, नजर जात चालली. डॉक्टरांनी हात टेकले. माझ्या धाकट्या भावाला, दादाला, वाटलं, घरातल्या अंधारानंच त्यांना दिसत नसेल. मायेपोटीच वाटलं बिचाऱ्याला. त्यानं भिंती, दारं, सगळं पांढरं करून टाकलं आणि मग मला फोन केला.

मी गेले तर आबा खोलीच्या मधोमध, हात पुढं करून उभे.

"बाय, दार कुठं गेलं गं?"

दार दोन हातांवर होतं.

हळूहळू त्यांच्याच बोलण्यातून कळलं. माणसांची तोंडं दिसायची बंद झाली होती, पण गडद आणि फिक्या रंगामधली ती रेघ दिसायची. जिथं ती तुटली तिथं दार. तिच्या कडेकडेनं ते न्हाणीत जायचे, ओट्यावर येऊन बसायचे, कुणाचा हात न धरता. आता न्हाणीपर्यंत पोचायच्या आत धोतर भिजायचं आणि ते लाजेनं दिवसभर बोलायचे नाहीत. असा ताठ माणूस! मला बघवेना.

"घराचं शोरूम करायचं होतं का रे तुला?" मी दादावर ओरडले.

"मला काय म्हाईत, ताई? त्यास्नी उजेड व्हावा म्हणून केलं," एवढंच म्हणाला आणि चॉकलेटीचा डबा आणायला गेला.

ऐन लग्नसराई, रंगारी काही मिळेना. मिळाला तोवर बरेच दिवस गेले. शेवटी आला आणि दाराकडची भिंत त्यानं आधी धरली. ती होताच दादानं आबांना खुर्चीत आणून बसवलं.

"आबा, दिसती का रेघ?"

"दिसतीया की! लई ठळक हाय. आता मला कुणी धरायचं न्हाय," म्हणत आबा उठले आणि खिडकीकडच्या भिंतीकडं चालू लागले. त्या भिंतीला अजून ब्रशसुद्धा लागला नव्हता.