माणिकरावांचं न वापरलेलं बळ

उज्जैनच्या माधव नगरचे माणिकराव नोकरीतून निवृत्त झाले, पण बायकोच्या गुडघ्यासाठी बोललेला नवस काही फिटेना. अलकाबाईंचं ऑपरेशन नीट होऊ दे, वैशाखातली पाच दिवसांची पंचक्रोशी यात्रा पायी करीन, असं बोलून बसले होते. गुडघा बरा झाला, वर तीन वैशाख उलटले. नवस राहिला तर दुखणं परत यायचं, या धास्तीने बाईंची झोप उडाली होती.

यंदा माणिकरावांनी मनावर घेतलं. नुसतं काय, कोणीही चालतं म्हणे, आपण संयमाने चालणार! चहा बंद, शेव बंद, तोंडातून वाकडा शब्द नाही. अहो, उज्जैनच्या माणसाने शेव सोडायची म्हणजे अर्धा जीव तिथेच गेला की. पण सांगणार कोण?

रिवाजाप्रमाणे पटनी बाजारातल्या देवळात नागचंद्रेश्वराकडून चालायचं बळ मागून घेतलं आणि निघाले. सोबत अलकाबाई, आणि सल्ल्याला बाईंचे भाऊ वसंतराव. "जिजाजी, टाच आधी टेका. जिजाजी, पाणी घोटघोट प्या." माणिकराव दात आवळून हसत राहिले. वाटेत मंडपामंडपांत पोहे, कचोऱ्या वाटत होते. "ले लो भिया," म्हणत लोक हात धरायचे. हे हात जोडायचे आणि आवंढा गिळायचे. अलकाबाई मात्र प्रत्येक मंडपात खात होत्या आणि भावाला झाडत होत्या.

पिंगळेश्वरच्या पहिल्याच पडावावर माणिकराव झाडाखाली बसले ते उठेचनात. पायाला फोड नाही, धाप नाही. "पाय चांगले आहेत गं, मीच संपलो," म्हणताना रडकुंडीला आले. बाईंनी त्यांना टेम्पोत बसवून घरी धाडलं आणि नवस फेडायला स्वतः पुढे निघाल्या, त्याच गुडघ्यावर.

यात्रा संपली की घेतलेलं बळ परत करायला देवाला मातीचा घोडा वाहतात. पाच दिवसांनी बाईंनी वाहिला. माणिकराव आपला घोडा घेऊन खालमानेने उभे.

"मी तर वापरलंच नाही."

"वापरलंत की," बाई म्हणाल्या. "सगळं तोंड मिटून धरण्यात गेलं."

"जिजाजी," वसंतराव म्हणाले, "घोडा दोन्ही हातांनी ठेवा."

मग मात्र माणिकराव सुटले. बायकोची पिशवी खांद्यावर, शेवेचा पुडा हातात, आणि पटनी बाजारापासून मेव्हण्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. गडी कुठे दमेना. घराच्या वाटेवरच्या फ्रीगंजच्या पुलावर त्यांनी सहज मागे पाहिलं. अलकाबाई कठड्याला टेकून गुडघा चोळत होत्या.

तेव्हा कुठे माणिकरावांना धाप लागली.